खिडकीतला स्टीलचा कप

माझ्या नातवाला कपाने प्यायला मी शिकवलं, हे आमच्या सोसायटीत निदान सात-आठ घरांना ठाऊक आहे. सांगणारी मीच. संध्याकाळी खाली बाकावर आम्ही बायका बसतो, तिथे मी ते दोनदा सांगितलं, त्यातलं एकदा तर हातात रिकामा कप धरल्याचा अभिनय करून. ते खरं नाही. नुसतंच खोटं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. बढाईची मला जुनी सवय आहे, आणि त्याबद्दल मी आजवर कुणाची माफी मागितलेली नाही.

नातू तेव्हा आठ महिन्यांचा होता आणि सुनेची रजा संपत आली होती. तिचं ऑफिस ठाण्याला. हक्काची रजा झाली, मग बिनपगारी वाढवून घेतली, आणि आता एक तारखेला हजर व्हा नाहीतर तसं कळवा, असं तिला वरून सांगण्यात आलं होतं. बाळ बाटली तोंडात धरत नव्हता. तीन तऱ्हेच्या बाटल्या आणून झाल्या. जिभेने ढकलून द्यायचा आणि मान फिरवायचा. डॉक्टर म्हणाले, आता बाटलीच्या नादाला लागूच नका, सरळ उघड्या कपाने पाजा, मांडीवर ताठ बसवून, थोडं थोडं. सांडेल, तर सांडू दे.

सून दवाखान्यातून आली ती तोंड उतरवूनच. चपला काढता काढता म्हणाली, "आई, नाहीच जमलं तर मी जॉब सोडते. इट्स ओके. एवढं काय."

ते 'एवढं काय' मला टोचलं. मी नोकरी सोडली नव्हती. मुलगा साडेतीन महिन्यांचा असताना त्याला सासूबाईंकडे ठेवून मी ऑफिसात हजर झाले होते आणि त्यासाठी घरच्यादारच्यांची बोलणीही खाल्ली होती. सुनेवर ती वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. म्हणून मी म्हणाले, "तू निर्धास्त जा गं. पंधरा दिवसांत पेल्याने घटाघटा प्यायला लावते की नाही बघ त्याला. आमच्या वेळी कुठे होत्या तुमच्या बाटल्या?"

आमच्या वेळी बाटल्या होत्या. माझा मुलगा दोन वर्षांचा होईपर्यंत बाटलीनेच दूध प्यायला. पण बोलून गेले, आणि सुनेचा चेहरा जरा उजळला, म्हणून तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी मी चांदीचा पेला काढला. बाळाच्या मामाने उष्टावणाला दिलेला, काठाला वेलबुट्टी असलेला. बाळाला मांडीवर घेतलं, लाळेरं बांधलं, पेला अर्धा भरला आणि त्याच्या तोंडाला लावला. त्याने ओठ असे मिटले की सुरीनेसुद्धा उघडले नसते. मी पेला तिरका केला. पाणी गळ्यावरून छातीवर आणि तिथून माझ्या साडीवर. तिसऱ्या दिवशी फुलपात्र, चौथ्या दिवशी झाकणाचा कप, पाचव्या दिवशी पुन्हा चांदीचा पेला. तोवर तो लाळेरं बघूनच भोकाड पसरायला लागला होता.

त्या पाचव्या दिवशी मी आणखी एक शहाणपणा केला. पाण्याला चव नाही म्हणून पीत नसेल, असं वाटून फ्रीजमधलं सुनेचं दूध कोमट करून पेल्यात ओतलं. ते दूध काढायला सून बेडरूमचं दार लावून अर्धा अर्धा तास बसायची, आणि इतकं करून बाटलीच्या तळाशी चार बोटं जमायचं. बाळाने हात मारला आणि सगळं गादीवर. सून दारात उभी होती. गादीवरच्या ओल्या डागाकडे बघत राहिली, मग आत गेली आणि रडल्याचा आवाज ऐकू नये म्हणून तिने पंखा मोठा केला. मी मात्र ओरडले, कुणावर, तर त्या आठ महिन्यांच्या पोरावर. "हट्टी आहेस नुसता!" असं. नाचता येईना अंगण वाकडं.

आता आमच्या बाईंबद्दल सांगायला हवं. त्या दिव्याहून, लोकलने येतात. नऊ वर्षं झाली. भांडी, केर-फरशी आणि पोळ्या. आत्ता लिहिताना 'त्या येतात' लिहिलं, पण घरात मी तिला अगं-तुगंच करते, तेव्हा इथेही तसंच लिहिते. उगाच सोज्ज्वळपणाचा आव नको. ती माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. साताऱ्याकडची, लग्न होऊन इकडे आली. दिव्यात तिच्या चाळीत नळाला पाणी येईल तेव्हा येतं, त्यामुळे पहाटे हंडे भरून ठेवल्याशिवाय तिला घराबाहेर पडता येत नाही. तरी साडेनऊच्या ठोक्याला आमची बेल वाजते. साडेदहाला भांडी आटोपली की मी तिला चहा देते आणि ती स्वयंपाकघरात फरशीवर बसून तो पिते.

तिचा कप वेगळा आहे. लहानसा, स्टीलचा, एका अंगाला चेपलेला. ओट्याच्या टोकाला खिडकीत तो पालथा ठेवलेला असतो. वेगळा ठेव, असं मी तिला कधी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी मी त्यात चहा दिला, तिने तो पिऊन, धुऊन खिडकीत ठेवला, आणि दुसऱ्या दिवशीही माझा हात त्याच कपाकडे गेला. एवढंच झालं, आणि नऊ वर्षं तेवढंच होत राहिलं. आमच्या घरी जातपात पाळत नाहीत, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगितलं असतं. कणीक तीच मळते. तिच्या हातच्या पोळ्या आम्ही दोन्ही वेळा खातो. आमचे कप तीच घासते. फक्त तिचा कप आमच्या कपांत नसतो. कुणी विचारलं असतं तर मी 'स्वच्छता' म्हणाले असते. पण कुणी विचारलंच नाही. येता-जाता मला 'आई, काळ बदललाय' म्हणून ऐकवणाऱ्या माझ्या सुनेनेही नाही.

सहाव्या दिवशी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. सून आंघोळीला गेली होती. बाळाला हॉलमध्ये चटईवर सोडलं होतं, आणि स्वयंपाकघरातून त्याच्या खिदळण्याचा आवाज आला. हातातला टॉवेल तसाच घेऊन मी आत गेले.

बाई फरशीवर बसली होती आणि तिच्या पोटाला पाठ टेकून बाळ तिच्या मांडीवर. तिच्या हातात तो स्टीलचा कप होता, आणि कपाच्या तळाला जेमतेम दोन घोट पाणी. ती ओतत नव्हती. कपाची कड त्याच्या खालच्या ओठावर टेकवून नुसती थांबली होती. पाणी कडेपर्यंत आणायचं आणि थांबायचं. त्याने आपणहून वरचा ओठ खाली आणला, चुटकन आवाज करून घोट घेतला, आणि स्वतःच्याच पराक्रमावर हसला. हनुवटीवरून ओघळलेला थेंब तिने कपाच्या कडेनेच टिपून घेतला. "सांडायचं न्हाई राजा, पानी सांडायचं न्हाई," ती म्हणत होती. मी चार दिवस अर्धा अर्धा पेला त्याच्या गळ्याखाली ओतत होते. पाण्याची किंमत ठाऊक असलेल्या बाईने त्याला दोन घोटांत शिकवलं होतं.

मी आनंदाने नाचायला हवं होतं. सुनेला हाका मारून बोलवायला हवं होतं. मी पुढे होऊन तिच्या हातातून कप काढून घेतला आणि म्हणाले, "अगं, तो तुझा कप आहे!"

मनात आलं आणि नंतर तोंडातून गेलं, असं झालं नाही. मनात यायच्या आधीच ते बाहेर पडलं होतं.

ती घाईघाईने म्हणाली, "धुतलाय काकू. साबनानं धुतलाय. पानी पन बाळाचंच घेतलंय, उकळल्यालं."

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. मी बाळाला उचललं, बेसिनशी नेलं आणि त्याचं तोंड धुतलं. एकदा नाही, दोनदा. ती माझ्या मागे उभी होती. बाळ तिच्याकडे, म्हणजे कपाकडे, हात पसरून किंचाळत होता. तिने कप विसळला, खिडकीत पालथा घातला, आणि थोड्या वेळाने विचारलं, "पोळ्या किती करू आज?"

"नेहमीएवढ्याच," मी म्हणाले. दुपारी त्यातल्या तीन मी खाल्ल्या.

सुनेला मी यातलं काही सांगितलं नाही. स्वतःला मात्र पुष्कळ सांगितलं. गरम चहाचा कप बाळाजवळ नको. तिला परवा शिंक आली होती. ट्रेनमधून येते, कुठे कुठे हात लागतात. माणूस स्वतःशी भांडताना वकील फार हुशार लावतो.

तारीख जवळ येत होती. मी तिची पद्धत चांदीच्या पेल्यावर वापरून पाहिली. दोन घोट पाणी, ओठावर कड, थांबणं. पण पेल्याची कड जाड, वर ती वेलबुट्टी, त्याच्या ओठात मावेना. स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानातून तसाच लहान स्टीलचा कप आणला. त्याची कड कोरी, धारदार, त्याने जीभ लावली आणि तोंड कसंनुसं केलं. मग तो रांगत स्वयंपाकघरात गेला, ओट्याखाली बसला आणि वर खिडकीकडे बघून हात हलवायला लागला.

सून कामाने बाहेर गेली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी दाराला कडी आहे ना ते पाहिलं, आणि खिडकीतला कप घेतला.

आधी तो घासला. मग पातेल्यात पाणी घेऊन दहा मिनिटं उकळला. तिच्या हातची पोळी मी कधी उकळून खाल्ली नव्हती. कप गार झाल्यावर त्यात सुनेचं दूध घेतलं, थोडंसंच, आणि बाळाला मांडीवर घेतलं. त्याने कप ओळखला. दोन्ही हात पुढे केले आणि चार घोट घेतले, एकही थेंब न सांडता. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या टाळूचा मुका घेतला आणि माझे डोळे भरून आले. तो आनंद खरा होता, हे मुद्दाम लिहून ठेवते. मग मी कप पुसून खिडकीत परत ठेवला, चेपलेली बाजू गजांकडे, अगदी होता तसा.

तेव्हापासून रोज दुपारी, सून आत झोपली की, हे चालू झालं. घासायचा, उकळायचा, पाजायचं, परत ठेवायचा. आपल्याच घरात मी चोरासारखी वागत होते. दहाव्या दिवशी सुनेला दाखवलं. बाळाने सगळं दूध संपवलं तेव्हा ती मटकन खाली बसली आणि तिने मला मिठी मारली. लग्नाला तीन वर्षं झाली, तशी तिने कधी मारली नव्हती.

"पण आई, हा कप कुठला?"

"जुना आहे आपला. माळ्यावरच्या भांड्यांत होता."

तो कप ती तीन वर्षं त्या खिडकीत रोज बघत होती. तिला ओळखू आला नाही. तिने व्हिडिओ काढला, घरच्या ग्रुपवर टाकला, आणि विहीणबाईंचं लांबलचक कौतुक आलं, अनुभवी हात तो अनुभवी हात वगैरे. मी त्यावर हात जोडलेलं चित्र पाठवलं.

एक तारखेला सून कामावर गेली. पहिल्या दिवसाची धांदल. बाळ तिच्या मागे रडला, माझा मुलगा शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकायला नको म्हणून आधीच निघून गेलेला. बाळाला सकाळीच दूध पाजावं लागलं, आणि कप परत ठेवायचा माझ्याकडून राहिला. साडेदहाला बाई भांडी आटोपून हात पुसत चहाला वळली. खिडकी रिकामी. तिची नजर हॉलमध्ये गेली. चटईवर, बाळाच्या पायाशी कप पडलेला, तळाला पांढरं दूध.

मी हातात चहाचं भांडं घेऊन उभी होते. डोक्याशी फळीवर हुकांना आमचे आठ कप टांगलेले होते. हात वर करायचा अवकाश होता. मी म्हणाले, "थांब, तो धुऊन देते तुला."

"ऱ्हाऊ द्या काकू. आज च्या नको," ती म्हणाली आणि कणकेला लागली.

दुसऱ्या दिवशी तिने पिशवीतून एक प्लॅस्टिकचा लाल मग काढला. "मी माजा आनलाय. त्यो बाळाला ऱ्हाऊ द्या. त्याला बसलाय हातात." मग पदराशी चाळा करत, जणू चूक तिचीच असल्यासारखं म्हणाली, "मला कळलं व्हतं काकू. कपाला दुधाचा वास याचा. म्हून मी जाताना गरम पान्यानं धुऊन ठेवायचे रोज. म्हनलं लेकराच्या तोंडात जातोय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं म्हणतात, ते मी तेव्हा अनुभवलं. मी चोरी करत होते आणि ती चोराची सोय बघत होती. खरं तर तिथल्या तिथे मी काहीतरी बोलायला हवं होतं. तो मग बाजूला ठेवून फळीवरचा कप काढायला हवा होता. मी तिच्या लाल मगात चहा ओतला. तेव्हाही.

तीन दिवस मी गप्प होते. चौथ्या दिवशी सून ऑफिसातून आली, हसरी, दमलेली, बाळाला छातीशी धरून मला म्हणाली, "आई, तुमच्यामुळे माझा जॉब वाचला." मला ते सोसवलं नाही. मी सगळं सांगितलं. कप कुणाचा, शिकवलं कुणी, तोंड कसं धुतलं, उकळला कसा. ती ऐकत राहिली. मला वाटलं, मला फैलावर घेईल, आणि खरं सांगते, घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी तर बघितलंच नाही कधी. तीन वर्षं." दुसऱ्या दिवशी शनिवार, तिला सुट्टी होती. तिने स्वतः चहा केला, फळीवरचा कप काढला आणि बाईच्या हातात दिला. बाईने तो उभ्या उभ्या संपवला, आमच्याकडे न बघता. मग नीट धुतला, पुसला आणि खिडकीत नेऊन पालथा ठेवला. "अहो मावशी, तो इथे वर," सून म्हणाली. "व्हय व्हय," बाई म्हणाली. सोमवारी कप पुन्हा खिडकीत होता. आता फळीवर सात आहेत.

नातू दहा महिन्यांचा झाला. कप स्वतःच्या हातांनी धरतो. हल्ली त्याला एक खूळ लागलं आहे. आपण एक घोट घेतला की कप समोरच्याच्या तोंडाशी न्यायचा. समोरच्याने प्यायलाच हवं, नाहीतर रडारड. त्याच्या लाळेचं ते पाणी मुलगा पितो, सून पिते, मी पिते, आणि वर 'किती गोड' म्हणतो.

परवा बाई फरशी पुसत होती. तो रांगत, कप आपटत, अर्धं सांडत तिच्यापाशी गेला आणि कप तिच्या तोंडासमोर धरला. तिने फडकं खाली ठेवलं, हात पदराला पुसले, आणि माझ्याकडे पाहिलं.

"पी गं," मी म्हणाले. तोंडातून निघाल्यावर कळलं की मी परवानगी दिली.

तिने कप हातात घेतला, मान मागे टाकली, कप ओठांपासून दोन बोटं लांब धरला आणि घशातून घटघट असा आवाज काढला. "संपलं! सगळं संपलं!" बाळ टाळ्या पिटत हसला. त्याने कप ओढून घेतला तेव्हा उरलंसुरलं पाणी फरशीवर सांडलं.

"अगं, खरंच प्यायचं की," मी म्हणाले. माझा आवाज चिडका निघाला, नेहमीसारखा.

ती फडक्याने ते पाणी टिपत होती. वर न बघता म्हणाली, "प्याले की काकू."

मला वाईट वाटू नये म्हणून ती खोटं बोलत होती. मी "बरं" म्हणाले.